जखम भरून थांबते, गाठ का थांबत नाही?

प्रश्न : रामघाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि गुडघा चांगलाच सोलवटला. खपली धरली, खाली नवी कातडी आली आणि वाढायची थांबली. मनात आलं, हिला 'आता पुरे' असं सांगितलं कोणी? आणि कर्करोगाची गाठ अशी का थांबत नाही? विचारायला कारण आहे. माझ्या काकांच्या गालात आतून एक पांढरा चट्टा दिसतो. पान-जर्दा तीस वर्षांचा. ते म्हणतात, चुन्यानं भाजलं असेल.
– एक वाचक, रामघाट, वाराणसी

उत्तर : गाठ वाढते कशी, असं बहुतेक जण विचारतात. तुम्ही थांबण्याबद्दल विचारलंत, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

आपल्या बऱ्याचशा पेशी निरोप आल्याशिवाय विभागत नाहीत. तुमचा गुडघा सोलवटला तेव्हा रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, तिथे जमल्या आणि त्यांनी वाढीचा निरोप देणारी प्रथिनं सोडली. जखमेच्या कडेच्या पेशी सरकू लागल्या, विभागू लागल्या. समोरून येणाऱ्या पेशींना त्या सगळ्या बाजूंनी टेकल्या, निरोपही ओसरला, आणि काम थांबलं. हे काचेच्या बशीतही दिसतं. निरोगी पेशी बशीच्या तळावर एक थर पसरतात आणि थांबतात. कर्करोगाच्या पेशी एकमेकींवर चढत राहतात. पेशी अशा शरीराबाहेर वाढवून पाहण्याची प्रयोगशाळा मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उभी केली ती पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी.

निरोप आला तरी पेशी लगेच दोन होत नाही. आधी तिला सुमारे ३ अब्ज अक्षरांच्या डीएनएच्या दोन्ही प्रती उतरवून काढाव्या लागतात, आणि वाटेत तपासणीचे नाके असतात. लेलंड हार्टवेल यांनी साध्या यीस्टवर काम करून या नाक्यांची कल्पना मांडली. पॉल नर्स आणि टिम हंट यांच्यासह त्यांना २००१ चं नोबेल मिळालं.

या तपासणीची रीत समजून घ्यायला तुम्हाला लांब जायला नको. तुमच्या रामघाटावरच सांगवेद विद्यालय आहे. तिथला वेदांचा घनपाठ ऐकला असेल : पहिलं पद, दुसरं पद, मग दुसरं-पहिलं, मग पहिलं-दुसरं-तिसरं, पुन्हा उलट, पुन्हा सुलट. एखादं पद कुठे सरकलं तर पुढच्या फेऱ्यांत ते उघडं पडतं. डीएनएचेही दोन धागे एकमेकांचे साक्षीदार असतात. एकावरचं अक्षर चुकलं तर समोरच्या धाग्यावरून दुरुस्त करता येतं. आणि फारच बिघडलं, तर गुरुजी हात वर करून पाठ थांबवतात. पेशीतल्या या गुरुजींचं नाव पी-५३. हे प्रथिन १९७९ मध्ये सापडलं. ते विभाजन रोखतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. हत्तीकडे याच्या जनुकाच्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, सुमारे वीस प्रती आहेत. एवढ्या प्रचंड देहाला कर्करोग क्वचितच का होतो, याचं उत्तर शोधणारे त्याकडे मोठ्या आशेनं पाहतात.

कर्करोगात चूक पुष्कळदा नेमकी या गुरुजींवरच पडते. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत पी-५३ चं जनुक बिघडलेलं सापडतं. पण सहसा एका चुकीनं भागत नाही. कुठे वाढीचा निरोप बंदच होत नाही, कुठे दुरुस्ती करणारंच प्रथिन निकामी होतं. चुका एकाच पेशीच्या वंशात साठत जातात. त्याला बहुधा वर्षं लागतात, कधी दशकं.

आता तुमच्या काकांकडे वळतो. गालाच्या आतलं अस्तर एरवीही भराभर नवं होत असतं. त्यावर रोज सुपारी घासते, चुना भाजतो, म्हणजे पेशींना पुन्हा पुन्हा भरपाईला लागावं लागतं. जितकी नक्कल जास्त, तितकी चुकायची संधी जास्त. त्यात जर्द्यातली नायट्रोसामाइन डीएनएलाच चिकटून अक्षरं बिघडवतात. आणि तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली की झालं, हा समज मला फार अस्वस्थ करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच सुपारीलाही कर्करोगाचं कारण ठरवलं आहे. सुपारीनं तोंडाचं अस्तर आतून आवळत जातं, तिखट झोंबू लागतं, घास घ्यायला तोंड पुरेसं उघडत नाही.

पांढरा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. असे पुष्कळ चट्टे कधीच गाठ होत नाहीत. पण कोणता होईल हे नुसतं पाहून मलाच काय, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. शंका आली तर लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. चुन्यानं भाजलेलं असेल तर पान बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत मिटायला हवं. काकांचा चट्टा किती दिवसांचा आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

त्यांना उद्या सकाळी खिडकीशी उजेडात बसवा. गाल बाहेर ओढून चट्टा खरखरीत आहे का, मधे लाल झाला आहे का, बघा. तोंड उघडून त्यांची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का, तेही बघा. मग काहीही दिसो, त्यांना घेऊन जा. पूर्वी काशीच्या कितीतरी माणसांना यासाठी मुंबईला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जावं लागे. आता टाटा मेमोरियलचीच दोन रुग्णालयं तुमच्या शहरात आहेत : लहरताऱ्याचं होमी भाभा आणि बनारस हिंदू विद्यापीठातलं महामना मालवीय केंद्र. जाताना पानाचा डबा घरी ठेवायला सांगा.