शर्यतीपूर्वीचे शेवटचे तीन आठवडे

मॅरॅथॉन शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. इतके अंतर धावण्याची क्षमता अनेक महिन्यांच्या नियमित सरावाने अंगी येते. ती शेवटच्या काही दिवसांत मिळवता येत नाही. व्यायामाने शरीरावर ताण पडतो, परंतु शरीर बळकट होते ते त्यानंतरच्या विश्रांतीत, आणि या बदलास काही आठवडे लागतात. यास्तव शर्यतीला तीन आठवडे उरले असता धावपटूपुढे दोनच कामे राहतात : साचलेला थकवा घालविणे आणि शर्यतीच्या दिवसासाठी शरीरात इंधन साठविणे. ही कामे सोपी वाटतात. तथापि महिनोन्‌महिने केलेले कष्ट अनेकदा याच काळात वाया जातात.

सराव कमी करणे

तीस-बत्तीस किलोमीटरांची शेवटची लांब धाव शर्यतीच्या सुमारे तीन आठवडे आधी संपवावी. अशा धावेत स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते व ती भरून येण्यास वेळ लागतो. त्यानंतर साप्ताहिक अंतर क्रमाक्रमाने कमी करीत जावे. आठवड्याला ६० किलोमीटर धावणाऱ्याने पहिल्या आठवड्यात सुमारे ४५, दुसऱ्यात ३५ आणि शर्यतीच्या आठवड्यात, शर्यत वगळून, १५ ते २० किलोमीटर धावणे पुरेसे होय.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. अंतर कमी करावयाचे म्हणजे धावणे सोडावयाचे नव्हे. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करणारा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे दोन आठवडे अंतर ४० ते ६० टक्क्यांनी घटवावे, मात्र धावण्याचा वेग व दिवसांची संख्या पूर्ववत ठेवावी, असे केल्यास सर्वाधिक लाभ होतो, असे त्यात आढळून आले. म्हणून शर्यतीच्या गतीने दोन-तीन किलोमीटरांचे छोटे टप्पे अखेरच्या आठवड्यापर्यंत चालू ठेवावेत.

या दिवसांत पाय जड वाटणे, बारीकसारीक दुखणी जाणवणे व ‘आपला सराव सुटत चालला आहे’ अशी शंका येणे स्वाभाविक आहे. या शंकेपोटी आदल्या आठवड्यात पुन्हा एक लांब धाव काढण्याचा मोह होतो. त्या धावेने क्षमता वाढत नाही. केवळ थकवा वाढतो.

स्नायूंतील साठा

धावताना शरीर मुख्यतः कर्बोदके व मेद यांपासून ऊर्जा मिळविते. कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत व यकृतात साठविली जातात. हा साठा साधारणतः ५०० ग्रॅम, म्हणजे सुमारे २,००० कॅलरी इतकाच असतो. एक किलोमीटर धावण्यास शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे सुमारे एक कॅलरी लागते. म्हणजेच ६० किलोग्रॅम वजनाच्या धावपटूस पूर्ण शर्यतीसाठी सुमारे २,५०० कॅलरी हव्यात. उरलेला भाग मेद भरून काढतो. परंतु मेदापासून ऊर्जा संथपणे मिळते. ग्लायकोजेन संपत आले की धावपटूची गती एकाएकी मंदावते. तिसाव्या किलोमीटरनंतर अनेकांची जी दैना होते, तिचे हे एक प्रमुख कारण होय.

१९२४ साली बोस्टनच्या शर्यतीनंतर तेथील डॉक्टरांनी काही धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा गळून गेलेल्यांच्या रक्तातील साखर फार कमी झालेली दिसली. पुढील वर्षी धावपटूंना शर्यतीपूर्वी कर्बोदके व शर्यतीत गोड पदार्थ देण्यात आले आणि त्यांची अवस्था पुष्कळच सुधारली. पुढे १९६७ साली स्वीडनमध्ये स्नायूंचे सूक्ष्म तुकडे सुईने काढून तपासण्यात आले. कर्बोदके अत्यल्प असलेला आहार घेणारे लोक जेमतेम एक तास जोरकस व्यायाम करू शकले, तर कर्बोदकांनी समृद्ध आहार घेतल्यावर तेच लोक पावणेतीन तासांच्या आसपास टिकले.

या प्रयोगांतून एक कठोर पद्धत निघाली : आधी दमछाक करणारी धाव, मग तीन दिवस कर्बोदके वर्ज्य आणि शेवटचे तीन दिवस कर्बोदकांचा भरपूर आहार. ब्रिटिश धावपटू रॉन हिल यांनी हीच पद्धत अनुसरून १९६९ साली अथेन्स येथे युरोपीय स्पर्धेतील मॅरॅथॉन जिंकली. परंतु मधल्या तीन दिवसांत अशक्तपणा व चिडचिड फार होते. सराव कमी करून शेवटचे तीन दिवस कर्बोदके वाढविली, तरी साठा जवळजवळ तितकाच होतो, असे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगांनी दाखविले. त्यामुळे उपासमारीचा तो टप्पा आता आवश्यक मानला जात नाही.

आहार कसा असावा

शेवटचे दोन-तीन दिवस वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे दररोज ८ ते १० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. शंभर ग्रॅम तांदळातून सुमारे ७८ ग्रॅम, तर एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके मिळतात. याचा अर्थ पोटास तड लागेपर्यंत जेवावे असा नाही. तूप, तळलेले पदार्थ व कोंडायुक्त पदार्थ कमी करून त्यांच्या जागी भात, पोळी, इडली, बटाटे, केळी, गूळ यांचे प्रमाण वाढवावे. ग्लायकोजेनबरोबर पाणीही साठत असल्याने वजन एक-दोन किलोग्रॅमने वाढते. त्याने घाबरून जाऊ नये. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून हा प्रयोग करू नये.

शर्यतीच्या दिवशी दोन-तीन तास आधी हलका, सवयीचा आहार घ्यावा. धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पेयांतून किंवा अन्य रूपाने घ्यावीत. कोणताही नवा पदार्थ, तसेच नवे बूट, त्या दिवशी प्रथमच वापरू नयेत.

पाण्याचे प्रमाण

पाणी कमी पडणे वाईट, हे सर्वांस ठाऊक असते. अति पाणीही घातक ठरते, हे फारसे ठाऊक नसते. २००२ सालच्या बोस्टन मॅरॅथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर घटलेले आढळले. शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते, त्यांच्यात हा धोका विशेष दिसून आला. त्याच शर्यतीत एका तरुण धावपटूचा या कारणाने मृत्यू झाला. म्हणून तहान लागेल तसे पाणी प्यावे. वेळ पाहून, तहान नसता, पेल्यामागून पेले रिचवू नयेत. शर्यतीअखेर वजन किंचित घटलेले असणे हेच स्वाभाविक होय.

अखेरीस आणखी एक सूचना. आदल्या रात्री झोप न आल्यास चिंता करू नये. त्यापूर्वीच्या आठवड्यात पुरेशी झोप घेतलेली असली म्हणजे पुरे. परंतु त्या दिवशी ताप असेल अथवा छातीत दुखत असेल, तर धावू नये. तयारी कितीही चांगली झालेली असो, हा नियम मोडू नये. शर्यती पुढेही होतील.