ई-रीडरची गोधडी

सबमिशनच्या दिवसांत शिवणकामावर लेख? हसू नका. मी पडले कॉन्व्हेंटची. इंग्रजी निबंध झोपेतही लिहीन, पण सुईत दोरा ओवायला मला आजी लागते. हा लेखही तिच्यामुळेच.

मी केळझरहून रोज एसटीने कॉलेजला येते. गेल्या वर्षी बाबांनी ई-रीडर घेऊन दिला. तीन महिन्यांत त्याचा पडदा गेला. पडला नाही, भिजला नाही. गर्दीत बॅगेतल्या डब्याची कडी त्यावर दाबली गेली, एवढंच. बाबा काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. मग शिकवण्या घेऊन पैसे जमवले आणि सेकंडहॅण्ड घेतला.

बहुतेक ई-रीडरच्या पडद्यात आत पातळ काच असते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. कडी टोकदार, क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त. म्हणजे कव्हरचं खरं काम मऊपणाचं नाही, दाब पसरवण्याचं आहे.

माझा ई-रीडर १२ सेंमी रुंद, १७ उंच, १ जाड. मी हुशारीने १२ बाय १७ चे दोन तुकडे कापून शिवले. आत काय जाणार? कंपासपेटी! आजी म्हणाली, "अन् शिवनीतलं कापड कोन धरन वं?" इंजिनिअर गप्प.

आता बरोबर हिशोब. एकच लांब पट्टी घ्यायची.

रुंदी: १२, जाडीचा १, सैलपणा १, कडेच्या टिपेसाठी दोन्हीकडे अर्धा-अर्धा, झाले १५. शिवणीचे २ धरून कापायची १७.

लांबी: पुढची बाजू साडेसतरा, तळ १, मागची साडेसतरा, झाकण ९, झाले ४५. शिवणीसह ४७.

साहित्य: बाहेरून जाडी खादी, आतून मऊ सुती अस्तर, मध्ये जुन्या सुती साडीचे चार थर, फाइलचा पुठ्ठा, बटण, नाडी. खादी मी वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून आणली. १९३८ साली गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं होतं. खादी आधी धुऊन घ्या, ती आटते.

कृती:
१. साडीचे थर खादीच्या उलट बाजूला ठेवून दोन-दोन सेंमीवर धावदोरा घाला. हीच आपली गोधडी.
२. त्यावर अस्तर सुलट बाजूला सुलट लावून कडेने १ सेंमी आत टीप मारा. झाकणाच्या टोकाला मध्यावर नाडीचा फास आत अडकवा. दुसऱ्या टोकाची कड मात्र उघडी ठेवा.
३. कोपरे छाटून पट्टी उलटवा. उघड्या टोकातून १२ बाय १६ चा पुठ्ठा अस्तर आणि थरांच्या मध्ये सरकवा. टोक हाताने शिवा.
४. ते टोक वर येईल अशी पट्टी दुमडा, कडांना अर्धा सेंमी आत टीप मारा. इथे थर फार होतात. मशीनची सुई तुटली तर जाड सुईने हाताने शिवा.
५. पुढे बटण लावा.

पडदा कायम पुठ्ठ्याच्या बाजूला ठेवा. चुंबकाचं बटण नको. काही ई-रीडर आणि टॅबलेट चुंबक जवळ आला की झोपतात. चेनही नको, दात घासतात. टॅबलेट असेल तर आपली मापं घालून हाच हिशोब करा. चार्जिंग मात्र कव्हरमधून बाहेर काढूनच.

शिवून झालं तेव्हा आजीने धावदोऱ्यावरून हात फिरवला. आतले थर तिच्याच जुन्या नऊवारीचे. मी लहान असताना तिच्या गोधडीत झोपायचे, कधी विचारलं नाही की ती शिवायची कशी. शाळेने मला पुष्कळ शिकवलं. हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

आता रोज रात्री ई-रीडर तिच्याकडे असतो. अक्षरं मोठी करून दिली की चष्म्याशिवायही वाचते. सकाळी कव्हरमध्ये घालून, बटण लावून परत देते. वर म्हणते, "डबा येगळ्या थैलीत ने वं."

कव्हर आहे म्हणून काय झालं, तेही ऐकते.