सान्साचा इतक्यात राग करू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला. काही कळलं नाही म्हणतेस आणि झोपही येत नाही म्हणतेस, म्हणजे ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा पहिला भाग तुला नीट लागलाय. नावांच्या गोंधळाचं मनावर घेऊ नकोस. महाभारतात याहून कितीतरी जास्त माणसं आहेत, पण ती लहानपणापासून थोडी थोडी कानावर पडत आली, म्हणून आपली वाटतात. इथे तासाभरात स्टार्क, लॅनिस्टर, बराथियन, टार्गेरियन अशी चार घराणी अंगावर येतात.

आणि गोंधळणारी तू पहिली नाहीस. बेनिऑफ आणि वाइस या निर्मात्यांनी हा भाग आधी एकदा बनवून ओळखीच्यांना दाखवला, तेव्हा राणी सर्सी आणि जेमी सख्खे बहीण-भाऊ आहेत हेच बघणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही! ते कळलं नाही तर भागाच्या शेवटी येणाऱ्या मनोऱ्यातल्या प्रसंगात उरलं काय? मग बराचसा भाग पुन्हा चित्रित केला. डॅनेरिस आणि कॅटलिनच्या अभिनेत्रीही बदलल्या. १७ एप्रिल २०११ला एचबीओवर आला तो हा दुसऱ्यांदा घडवलेला भाग.

दोन सोप्या गोष्टी कर. सुरुवातीचा नकाशा पुढे ढकलू नकोस. त्या भागात गोष्ट जिथे जिथे जाणार, ती ठिकाणं त्यात उभी राहतात. आणि बोलण्याकडे कान दे. नेड स्टार्क झालेला शॉन बीन मूळचा शेफिल्डचा, तो स्वतःच्याच उत्तर इंग्लंडी धाटणीत बोलतो आणि विंटरफेलची बरीच मंडळीही त्याच वळणाने बोलतात. राजधानीतून आलेल्यांचं बोलणं वेगळं. नाव आठवलं नाही तरी माणूस कुठला ते कळतं.

आता मला खरं सांगायचंय ते. तुला आर्या आवडली आणि सान्सा ‘शिष्ट’ वाटली. आर्या कुणाला आवडणार नाही? धाकट्या ब्रॅनचे बाण चुकताहेत, भाऊ हसताहेत, तेवढ्यात मागून एक बाण येऊन थेट मधोमध बसतो, आणि तो मारणारी पोरगी शिवणाच्या वर्गातून निसटून आलेली असते. पण तो शिवणाचा वर्ग पुन्हा एकदा बघ. सान्सा टाके नीट घालते, बाई कौतुक करतात, तिचा चेहरा उजळतो. तिला जे शिकवलं ते ती मन लावून करते, एवढाच तिचा अपराध. पुढे राणी तिला वय विचारते आणि ती तेरा सांगते. तेरा वर्षांची मुलगी राजपुत्राच्या स्वप्नात रमली तर काय बिघडलं? थोरली मुलगी सांगितलेलं ऐकते म्हणून तिला शिष्ट म्हणायचं आणि धाकटी पळून जाते म्हणून तिला शूर, हे मला बोचतं. मी थोरली आहे म्हणून जास्तच बोचत असेल. ही मालिका माणसं आधी एका बाजूने दाखवते आणि मग सावकाश फिरवते. ब्रॅनला मनोऱ्यावरून ढकलणाऱ्या जेमीबद्दलसुद्धा एवढंच सांगते: संताप येऊ दे, निकाल मात्र देऊ नकोस.

डॅनेरिसच्या लग्नाच्या रात्री तू आवाज बंद केलास, बरं केलंस. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९९६च्या कादंबरीत तिचा नवरा ड्रोगो तिच्या होकारासाठी थांबतो. तिथे तिचं वय तेराच आहे, त्यामुळे तेही मला निर्मळ वाटत नाही. पण मालिकेत तर ती नुसती रडत राहते. हा बदल मला आजही पटलेला नाही. मालिका गाजलेली आहे म्हणून तुला ते चाललंच पाहिजे असं मुळीच नाही. असे प्रसंग पुढेही आहेत, तिथे सरळ पुढे जा, आणि मैत्रिणी काय म्हणतील याची पर्वा करू नकोस. हॉलमध्ये आई-बाबा असताना तर लावूच नकोस.

पण डॅनेरिसच्या पहिल्या दृश्यात परत जाऊन बघ. भाऊ विस्केरिस तिला सौद्याच्या मालासारखी पारखून निघून जातो. ती न्हायला जाते. दासी घाईने सांगते की पाणी फार कढत आहे, आणि ही पाऊल न थबकवता आत उतरते. एक शब्द बोलत नाही. पहिल्या भागात मला सगळ्यात जास्त आवडलेली जागा ही.

आता लोक तुला म्हणतील, शेवट बिघडवलाय, कशाला सुरू करतेस? मालिका आठ सीझनची, ७३ भागांची. पाचव्या सीझननंतर ती पुस्तकांच्या पुढे निघून गेली, आणि शेवटचे दोन सीझन घाईत उरकलेत हे माझंही मत आहे. पण पहिले चार इतके भरीव आहेत की त्या भीतीने ते सोडणं हा स्वतःवरच अन्याय होईल.

पहिला सीझन दहा भागांचा आहे. रोज एकच बघ. नववा शनिवारी येईल असा बेत कर, दुसऱ्या दिवशी ऑफिस नको. आणि कुठल्याही पात्राचं नाव गूगलवर टाकू नकोस, नाव पुरतं टाइप व्हायच्या आत त्याचं पुढे काय होतं ते समोर येतं. कोण कुणाचा कोण, हे अडलं की मला विचार. कितीही वाजले असले तरी.