उधळ्या पुत्राचें नाटक कसें करावें?

वाचनपाठ : लूक १५:१-३, ११-३२

ऐकलेला उपदेश पुष्कळदां विसरला जातो, परंतु डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट मनांत राहते. म्हणूनच यहेज्केल संदेष्ट्यानें विटेवर यरुशलेमेचें चित्र काढून तिला वेढा घातला (यहे. ४), आणि अगबानें पौलाच्या कमरबंदानें आपलेच हातपाय बांधून दाखविले (प्रे. कृ. २१). आपल्या इकडेही एकोणिसाव्या शतकांत अहमदनगरास कृष्णराव सांगळे ह्यांनीं कीर्तन ख्रिस्तसेवेस लाविलें, पुढें रे. ना. वा. टिळक (१८६१-१९१९) ह्यांनींही कीर्तनें केलीं. तेव्हां मंडळींतील तरुणांनीं नाटक करून सुवार्ता सांगितली तर त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र शास्त्र सांगतें तेंच दाखवावें.

अशा नाटकासाठीं बहुधा उधळ्या पुत्राची गोष्ट निवडतात, आणि बहुधा एकच चूक करितात. दूरदेशींची चैन लांबवितात. मद्यपी व नाचणाऱ्या स्त्रिया आणून लोकांस हंसवितात. लूक हा सारा मजकूर एकाच वचनांत आटोपतो (व. १३). वेश्यांचें नांव तर तेथें नाहींच, तें थोरल्या भावाच्या तोंडून निघतें (व. ३०). म्हणजे तो देखावा रंगवून आपण थोरल्याचा आरोपच खरा करून दाखवितों!

ह्याच थोरल्या भावास लूकानें आठ वचनें दिलीं आहेत. पापी लोकांस जवळ केल्याबद्दल जे कुरकुरत होते, त्यांस प्रभूनें ही गोष्ट सांगितली, हें विसरूं नये. म्हणून शेवट असा करावा : आंतून हलगीचा आवाज यावा, थोरला दाराबाहेर उभा असावा, बापानें बाहेर येऊन त्याची विनवणी करावी, आणि तेथेंच नाटक थांबवावें. तो आंत गेला कीं नाहीं, हें लूक सांगत नाहीं. आपणही सांगूं नये.

सामान थोडें पुरे : एक चांगला झगा, एक अंगठी, एक जोडा. शेजाऱ्यांच्या देवांची थट्टा नाटकांत मुळींच नसावी; ज्यास दुखविलें तो बापाची हांक ऐकणार कशी?

पात्रांविषयीं अधिक जपावें. ज्याचें सख्ख्या भावाशीं बोलणें बंद आहे, त्यानें बापाचें काम करण्यापूर्वीं त्या भावाच्या दारीं जावें. झगा कोणाच्या अंगावर आहे, हें गांव पुरतें ओळखतें.

आणि मंडळीनेंही सावध असावें. नाटक पाहून गांवांतील एखादा दारुडा रविवारीं उपासनेस आला, तर आपण सरकून त्यास जागा देऊं, कीं एकमेकांकडे पाहूं? नाटकाचा शेवट त्या दिवशीं आपल्या मंदिराच्या दारांत होणार आहे.

मननासाठीं प्रश्न : (१) बाप दोन्ही पुत्रांसाठीं घराबाहेर आला, हें कोणत्या वचनांवरून कळतें? (२) आपल्या मंडळीच्या दाराबाहेर आज कोण उभा आहे?