मुलाच्या वतीने कोण बोलणार?

वाचन : योहान ७:४५-५२, १ योहान २:१

येशूला धरून आणण्यासाठी पाठविलेले कामदार रिकाम्या हातांनी परतले तेव्हा मुख्य याजक व परूशी संतापले. त्या बैठकीत निकदेमाने एकच मुद्दा मांडला. ज्याचा न्याय करावयाचा त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, असे आपले नियमशास्त्र सांगते ना? येशू निर्दोष आहे असे तो म्हणाला नाही, हे शिक्षकांनी वर्गात अवश्य दाखवून द्यावे. ऐकून घ्या, एवढेच तो म्हणाला, आणि तेवढ्यावरूनच त्याला टोमणा मिळाला.

आपल्या वस्तीतील एखादा अल्पवयीन मुलगा पोलिसांच्या हाती सापडला की हीच गोष्ट घडते. “वकील कशाला? चूक केली असेल तर कबूल करावी,” असे आपण सहज बोलतो. पापाची कबुली देण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे, म्हणून हे बोलणे धार्मिकही वाटते. पण देवापुढे दिलेली कबुली आणि ठाण्यात घाबरून दिलेला होकार या दोन गोष्टी एक आहेत काय?

अमेरिकेतील एका खटल्याने या प्रश्नाची चांगली उकल केली. ८ जून १९६४ रोजी ॲरिझोना राज्यातील ग्लोब या गावी जेरल्ड गॉल्ट नावाच्या १५ वर्षांच्या मुलाला ताब्यात घेण्यात आले. शेजारच्या एका बाईंना फोन करून तो अचकटविचकट बोलला, असा आरोप होता. आईवडील दोघेही कामावर होते. त्यांच्यासाठी साधी चिठ्ठीही कोणी ठेवली नाही. संध्याकाळी आई घरी आली आणि शोधाशोध केल्यावर तिला मुलगा कोठे आहे ते कळले. पुढे दोनदा सुनावणी झाली. वकील नाही, कोणाची शपथ नाही, कामकाजाची नोंद नाही. तक्रार करणाऱ्या बाई एकदाही आल्या नाहीत. फोनवर नेमका कोणता मुलगा बोलला हे कळावे म्हणून त्यांना बोलवा, अशी आईने विनंती केली, तर त्याची गरज नाही असे उत्तर मिळाले. जेरल्डला वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, म्हणजे सहा वर्षे, सुधारशाळेत ठेवण्याचा हुकूम झाला. याच गुन्ह्याबद्दल प्रौढ माणसाला जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती!

यात कोणी दुष्टपणा केला असे समजू नये. मुलांचे पहिले न्यायालय १८९९ साली शिकागो येथे निघाले, ते दयेपोटीच. न्यायाधीश हा बापासारखा. बापापुढे मुलाला वकील कशाला, असा तो विचार होता. पण बापाचीही ऐकण्यात चूक होऊ शकते. अमिलिया लुईस या वकीलबाईंनी या कुटुंबाचे काम हाती घेतले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १५ मे १९६७ रोजी निकाल लागला : मुलालाही आरोप आधी कळला पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, साक्षीदारांना प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती त्याच्यावर होता कामा नये.

आपल्या देशात मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यावर १९८६ साली महत्त्वाचे आदेश झाले. त्याच वर्षी बाल न्यायाचा पहिला देशव्यापी कायदाही झाला. आज २०१५ चा कायदा लागू आहे, आणि आपले वाचक बेळगावात असोत की इंदूर-बडोद्यात, कायदा हाच. मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते व पालकांना कळवावे लागते. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात, त्यांपैकी निदान एक स्त्री. जामीन हा नियम, नाकारणे हा अपवाद. वकिलाची फी परवडत नाही ही अडचण तर नाहीच. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मुलाला, घरचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे जावे.

वयाचा प्रश्न आधी पाहावा. गुन्हा घडला त्या दिवशीचे वय धरतात. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. बाप्तिस्म्याचा दाखला या यादीत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुलगा १६ ते १८ वर्षांचा असून गुन्हा अतिगंभीर असेल, तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा काय याची मंडळ आधी तपासणी करते. तेथे चांगला वकील नसणे फार महागात पडते.

आणखी एक. अशा मुलाचे नाव छापणे हा गुन्हा आहे. प्रार्थनेची विनंती म्हणून मंडळीच्या पत्रकात छापले तरी ते छापणेच.

आता माझी चूक सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या संडेस्कूलच्या एका मुलाला मोबाईल चोरीच्या संशयावरून नेले. वकिलाच्या खर्चाच्या धास्तीने आईने मला बोलाविले. मी गेलो, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “बाळ, देवाला भिऊन खरे काय ते सांगून टाक.” तो रडू लागला आणि विचारतील त्याला हो म्हणत गेला. एक मोबाईल त्याने खरोखर घेतला होता. त्या संध्याकाळी त्याने तिन्हींना हो म्हटले. मला वाटले, लेकरू मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी मंडळाने दिलेल्या तरुण वकीलबाईंनी मला पहिलाच प्रश्न विचारला, “बाकीचे दोन कोणत्या तारखांना गेले, हे तुम्ही पाहिलेत का, सर?” मी पाहिले नव्हते. ते दोन्ही रविवार होते, चोरीची वेळ सकाळची होती, आणि त्या वेळी तो माझ्याच वर्गात बसलेला होता. योहानाच्या पत्रातला ‘कैवारी’ हा शब्द मी कित्येकदा शिकविला आहे; त्याचा अर्थ त्या व्हरांड्यात कळला.

हजेरीपट मंडळापुढे ठेवला. दोन आरोप गळाले. एक राहिला, तो मुलाने मंडळापुढे, वकीलबाई शेजारी असताना, स्वतःच्या तोंडाने सांगितला. समज देऊन व देखरेख ठेवून त्याला आईच्या स्वाधीन केले. त्या दोन रविवारांपैकी एकाची तारीख मी हजेरीपटावर पुरती लिहिली नव्हती; वकीलबाईंना त्यासाठी दोन वेळा खुलासा करावा लागला. हल्ली मी सालासकट लिहितो.