डिस्क दिसली म्हणजे झालं, असं नसतं

लग्नाचं शूटिंग हा माझा धंदा. २००४ साली एडिटिंगसाठी माझ्याकडे पेंटियम थ्रीचं मशीन होतं. विंडोज ९८ आणि ४० जीबीची डिस्क. मिनी डीव्हीची तासाभराची कॅसेट उतरवली की साधारण १३ जीबी जागा जाते. एका लग्नातच डिस्क भरायची. सीझन तोंडावर आला, तशी १६० जीबीची दुसरी डिस्क घेतली.

पहिली फजिती जंपरची. दोन्ही डिस्क एकाच पट्टीवर लावल्या आणि दोघींचे जंपर 'मास्टर'वर! जुनीही दिसेनाशी झाली. घाम पुसत नवीचा जंपर 'स्लेव्ह'वर सरकवला, तेव्हा दोघी दिसल्या. ही चूक स्वस्तातली. ती लगेच कळते.

महागातली चूक गुपचूप बसून होती. नवी डिस्क मी ओळखीच्या दुकानात नव्या मशीनवर फॉरमॅट करून आणली होती. माझ्या मशीनवर ती १४९ जीबी दाखवत होती. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, म्हणून १६० चे १४९. ते मला ठाऊक होतं. डिस्क दिसतेय, आकडा बरोबर, मग आणखी काय तपासायचं? तीन लग्नं उतरवली. दोन कॅसेट पुसून पुढच्या ऑर्डरला वापरल्यासुद्धा.

चौथं लग्न उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं, तर फोल्डरच्या नावांच्या जागी चौकोन आणि उलटीसुलटी अक्षरं. घाबरून डिस्क दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवला, 'दुरुस्त करा' म्हटलं. उरलंसुरलंही त्यात गेलं.

कारण नंतर कळलं. जुनी यंत्रणा डिस्कवरच्या जागेचा पत्ता २८ बिटांत लिहिते. ५१२ बाइटचा एक कप्पा धरला, तर हे पत्ते १३७ जीबीला संपतात. विंडोजच्या मोजणीत १२८ ला. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचा, तसंच इथे झालं. हद्द ओलांडल्यावर नवं शूटिंग डिस्कच्या सुरुवातीला, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याच्या यादीवरच लिहिलं गेलं.

त्या लग्नांपैकी एका लग्नातल्या मुलीच्या वडिलांसमोर उभा राहिलो. पंगतीची कॅसेट शाबूत होती, मंगलाष्टकांची मी पुसली होती. ते रागावले नाहीत. "बाकी जाऊ द्या हो, अक्षता पडतानाचं तेवढं कुठनं तरी काढा," एवढंच म्हणाले. ते काही निघालं नाही.

जुन्या मशीनला दुसरी डिस्क जोडणाऱ्यांना म्हणून सांगतो. पॉवरची वायर भिंतीतून काढल्याशिवाय डबा उघडू नका. ८० तारांच्या पट्टीचं निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. फॉरमॅट करताना चुकून जुनी डिस्क निवडली जाऊ नये, म्हणून आकार दोनदा वाचा.

डिस्क विकत घेण्याआधीच मशीनची हद्द विचारा. मोठ्या डिस्कची सोय विंडोज एक्सपीतही पहिल्या सर्व्हिस पॅकपासून आली, आणि बायोसही त्या तोडीचा लागतो. ते नसेल, तर सगळी पार्टिशनं मिळून डिस्कच्या पहिल्या १३७ जीबीच्या (विंडोजच्या मोजणीत १२८ च्या) आत ठेवा. वरची जागा वाया गेली तरी चालेल. तीच गत आज २ टीबीपाशी होते: जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलात त्यापुढचे पत्ते मावत नाहीत, म्हणून ४ टीबीची डिस्क ३२ बिटांच्या एक्सपीला जोडून पूर्ण वापरता येत नाही.

नवी डिस्क आधी बिनमहत्त्वाच्या फायलींनी काठोकाठ भरा, मशीन बंद करून चालू करा आणि पहिली फाइल उघडून बघा. ती नीट उघडली, तरच कामाचा माल ठेवा. गडबड दिसली, तर डिस्कवर काही लिहू नका. दुरुस्तीचं बटणही दाबू नका. आधी जाणकाराला गाठा.

त्या लग्नानंतर मी एक नियम पाळला. गिऱ्हाईक घरी सीडी लावून बघेपर्यंत कॅसेट पुसायची नाही. वर्षाला पेटीभर कॅसेट जास्त लागायच्या. अक्षतांच्या मानाने ते स्वस्तच पडलं.