कोसा : एका पतंगाचे जीवन आणि धम्मातील एक प्रश्न

नांदेड-लातूर परिसरात रेशीम म्हटले की तुतीचा मळा डोळ्यांसमोर येतो. तुतीवर वाढणारा रेशीमकिडा हजारो वर्षे माणसाच्या आश्रयाने जगला. त्याच्या पतंगाला आता उडताही येत नाही. टसर रेशमाचा पतंग मात्र आजही जंगलाचा रहिवासी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत त्याच्या कोषाला ‘कोसा’ म्हणतात.

मादीच्या अंड्यांतून ८ ते १० दिवसांत अळ्या निघतात. ऐन व अर्जुनाची पाने खात, चार वेळा कात टाकत, महिना-सव्वा महिन्यात अळी बोटाहून जाड होते. मग ती रेशमाचाच देठ फांदीला बांधून त्यावर टणक कोष विणते. हिवाळ्याच्या तोंडी विणलेल्या कोषातील जीव उन्हाळाभर सुप्त राहतो आणि पावसाळा जवळ आला की पतंग होऊन बाहेर पडतो. या पतंगाला अन्न घेता येत नाही. अळीपणीच्या साठ्यावर तो जेमतेम आठवडाभर जगतो आणि पुढची पिढी मागे ठेवतो.

बाहेर पडताना तो लाळेने कोषाचे टोक मऊ करून वाट काढतो. अशा कोषातून अखंड धागा उकलता येत नाही. म्हणून अखंड धाग्यासाठी आतला जीव आधीच उष्णतेने मारला जातो.

हा प्रश्न भगवान बुद्धांच्या काळीही उपस्थित झाला होता. विनयपिटकातील कथेनुसार आळवी येथील काही भिक्खूंनी रेशीममिश्रित अंथरुणासाठी कोष उकळून देण्याची मागणी केली. ‘आम्ही पोटासाठी, बायकामुलांसाठी हे जीव मारतो, तुम्ही कशासाठी?’ अशा आशयाची तक्रार रेशीमकारांनी केली. बुद्धांनी भिक्खूंना दोष देऊन असे अंथरूण करवून घेण्यास मनाई केली. रेशीमकारांना त्यांनी दोष दिला नाही. दानात मिळालेले रेशमी चीवर तर विनयाने मान्यच केले आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे असे सांगितले आणि मारण्याची गरज व मारण्याची इच्छा यांत भेद केला. पूर्व विदर्भातील ढिवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या झाडांवर अळ्या राखतात. त्यांच्या उदरनिर्वाहाकडे बोट दाखवणे म्हणजे करुणा नव्हे. प्रश्न वापरणाऱ्याने स्वतःला विचारावयाचा आहे. पतंग उडून गेलेल्या कोषांपासूनही सूत कातता येते. ते जाडेभरडे असते, एवढेच. गुळगुळीतपणाची हौस की एका जीवाचे उड्डाण, याचा निर्णय प्रज्ञेने करावा, हीच धम्माची शिकवण आहे.